आच्छादनाचे अनुदान प्लास्टिकपुरतेच का?

ठाणे जिल्हा म्हटले की आता उंच इमारती, उड्डाणपूल आणि लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांच्या ग्रामीण पट्ट्यात भाताची कापणी-झोडणी उरकली, की त्याच खाचरांत आणि विहिरी-ओढ्यांलगतच्या तुकड्यांत भाजीपाल्याचा हंगाम उभा राहतो. भेंडी, काकडी, कारली, दुधी, मिरची, वांगी आणि वाल ही त्यातली मुख्य पिके. कल्याण आणि वाशीच्या बाजारांत ती पोहोचतात आणि मुरबाड-शहापूरची भेंडी तर परदेशीही जाते. या पिकांत मजुरी सर्वाधिक कशावर जाते, असे शेतकऱ्याला विचारले तर तोडणीच्या खालोखाल खुरपणीचे नाव येते. तण हा बांधाच्या आतला मामला आहे, त्यात शहरातल्या माणसाने मत कशाला द्यावे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तण आवरण्याच्या एका विशिष्ट पद्धतीवर सरकारी तिजोरीतून पैसा जात असेल आणि दुसऱ्या पद्धतीला लागणारा माल ठाणे व नवी मुंबईत कचरा म्हणून पैसे मोजून उचलला जात असेल, तर हा प्रश्न सार्वजनिक होतो.

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टिक आच्छादनासाठी हेक्टरी ३२ हजार रुपये खर्च गृहीत धरून त्याच्या निम्मे, म्हणजे १६ हजार रुपये, अनुदान ठरवण्यात आले आणि एका लाभार्थ्यासाठी २ हेक्टरांची मर्यादा घालण्यात आली. दर पुढेमागे बदलतात. मला दराविषयी तक्रार करायची नाही. माझा आक्षेप त्यामागच्या कल्पनेला आहे. ज्या कामासाठी पैसा द्यायचा ते काम म्हणजे जमीन झाकणे, तण दडपणे आणि ओल टिकवणे. ते काम कोणत्या वस्तूने करावे हे आधीच ठरवून टाकले, की पेंढा, पालापाचोळा, उसाचे चिपाड किंवा हिरवा पाला वापरणारा शेतकरी अनुदानाच्या हिशेबातून आपोआप बाहेर पडतो, आणि ज्याच्या वापरानंतर शेतात कचरा उरतो तोच मार्ग सर्वात स्वस्त भासू लागतो. अनुदान झाकलेल्या क्षेत्रावर द्यावे, प्लास्टिकला ते देताना त्याच्या परतीची अट घालावी, आणि ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपला पालापाचोळा आपल्याच जिल्ह्यातील भाजीपाला उत्पादकांना आच्छादन म्हणून द्यावा, एवढे या लेखाचे म्हणणे आहे.

भाजीपाल्यातील तणाचा उपद्रव भातातल्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेचा असतो. भातखाचरात उभ्या पाण्यामुळे पुष्कळशी तणे उगवतच नाहीत. भाजीपाल्यात मात्र ओळींमध्ये मोकळी जागा असते, पाणी वरचेवर मिळते, शेणखत भरपूर असते, आणि पिकाची पाने एकमेकांना भिडून जमिनीवर सावली पडेपर्यंत त्या मोकळ्या जागेवर सूर्याचे राज्य असते. घोळ, माठ, केना, दुधाणी, ओसाडी यांच्या बारीक बियांना उगवायला असाच उजेड लागतो. खुरपे जमिनीत खोल गेले की खाली निजलेल्या बिया वर येतात आणि पुढच्या पाण्याबरोबर नवी पिढी उभी राहते. म्हणून खुरपणी जितकी उथळ तितकी बरी, हे जुन्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. अर्धवट कुजलेले शेणखत स्वतःबरोबर बियांचा साठा घेऊन येते, ही त्यात आणखी भर. बहुतेक भाज्यांत पेरणी किंवा लागवडीनंतरचा पहिला महिना-दीड महिना निर्णायक असतो. या काळात शेत स्वच्छ राहिले तर पुढे उगवणाऱ्या तणाने फारसे नुकसान होत नाही. या काळात दुर्लक्ष झाले तर नंतरची खुरपणी केवळ शेत देखणे करते, गेलेले उत्पन्न परत आणत नाही. कांद्यासारख्या, उभट पानांमुळे सावलीच न धरणाऱ्या पिकाला हा पहारा अधिक काळ लागतो.

नेमका हाच निर्णायक काळ मजुरांच्या टंचाईचा असतो. दिवाळीनंतर आदिवासी पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. तरुण मुले भिवंडीच्या गोदामांत किंवा शहरातल्या बांधकामांवर असतात. मागे उरलेल्या घरच्या स्त्रिया वाकून, उकिडव्या बसून, ओळीमागून ओळ खुरपतात. तणव्यवस्थापनाच्या साऱ्या चर्चेत हा कमरेचा आणि गुडघ्यांचा हिशेब क्वचितच मांडला जातो, कारण घरच्या बाईची मजुरी खर्चाच्या वहीत लिहिण्याची पद्धत नाही. ढकलून चालवायचे चाकाचे कोळपे, ज्याला पुष्कळ ठिकाणी सायकल कोळपे म्हणतात, ते ओळींमधले तण उभ्याने काढू देते आणि त्याची किंमत मोठी नसते. तरीही सरकारी योजनांच्या जाहिरातींत ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्रे दिसतात तेवढे हे अवजार दिसत नाही.

मजूर नाही म्हटल्यावर पहिला हात तणनाशकाकडे जातो. त्याला सरसकट पाप ठरवण्यात अर्थ नाही. पेरणीनंतर आणि उगवणीआधी फवारायचे पेंडीमेथॅलिनसारखे तणनाशक बारीक बियांच्या वार्षिक तणांना बऱ्यापैकी रोखते, आणि शिफारशीत ज्या पिकाचे नाव आहे तेथे ते नियमाने वापरता येते. परंतु ठाण्याच्या भाजीपाल्याची रचनाच त्याला प्रतिकूल आहे. पाच गुंठे भेंडी, त्याला लागून तीन गुंठे मिरची, बांधावर दुधीचा मांडव आणि मध्ये कोथिंबिरीचे वाफे, अशा मिश्र शेतीत एका पिकाला चालणारे औषध शेजारच्या पिकाला मारक ठरते. हिरवे दिसेल ते मारणाऱ्या ग्लायफोसेटचा तर उभ्या भाजीत प्रश्नच येत नाही. बांधावर मारलेल्या फवाऱ्याचे तुषारही वाऱ्याने भेंडीवर आले तर पीक बसते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला होता. गावच्या दुकानापर्यंत त्या निर्बंधाची धग किती पोहोचली हा वेगळा विषय. निर्यातीच्या भेंडीत औषधाच्या अंशाची तपासणी होते, त्यामुळे तिथे तर अधिकच जपून राहावे लागते.

याच संदर्भात शेजारच्या रायगडातले एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे कायम ठेवले जातात, नांगरणी आणि चिखलणी टळते, भाताची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात आणि भातानंतर त्याच वाफ्यांवर वाल किंवा भाजीपाला घेता येतो. माती वाचवण्याच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. पण नांगर थांबला की तणाचा बंदोबस्त दुसऱ्या कशाने तरी करावा लागतो, आणि या तंत्रात तो भार बव्हंशी तणनाशकावर पडला. मला हे तंत्राचे अपयश वाटत नाही. मला त्यात एक रिकामी जागा दिसते. न मोडलेल्या वाफ्यावर पुरेसे जाड सेंद्रिय आच्छादन मिळाले असते, तर ती जागा भरता आली असती. ते आच्छादन आणायचे कोठून, हा खरा प्रश्न आहे.

तिकडे वळण्याआधी प्लास्टिकला न्याय द्यायला हवा. शेतकरी ज्याला मल्चिंग पेपर म्हणतो ती २५ ते ३० मायक्रॉन जाडीची काळी किंवा वरून चंदेरी व खालून काळी फिल्म फार कार्यक्षम असते. बेड पाडला, ठिबकची नळी अंथरली, वर पेपर ताणला, छिद्रे पाडून रोपे लावली, की बेडवरची खुरपणी जवळजवळ संपते. पाण्याची वाफ अडते, खत वाहून जात नाही, फळे मातीला टेकत नाहीत. चंदेरी बाजूवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाने मावा आणि पांढरी माशी काही प्रमाणात बिचकते. भेंडीवरचा केवडा रोग पांढऱ्या माशीमुळेच पसरत असल्याने हा फायदा लहान नाही. ज्या शेतकऱ्याने दोन हंगाम हा अनुभव घेतला, त्याला पर्यावरणावर व्याख्यान देऊन पेपर सोडायला सांगणे हा उद्धटपणा होईल.

पेपरच्या मर्यादाही तितक्याच ठोस आहेत. लव्हाळ्याचा टोकदार कोंब प्लास्टिकला आरपार भोसकून वर येतो, आणि कोकणच्या ओलसर जमिनीत लव्हाळाच तर सर्वात चिवट शत्रू आहे. जमिनीखाली गाठींची साखळी असलेल्या या तणाला एकदा आयते पाणी आणि ठिबकमधले खत मिळू लागले की छिद्राछिद्रांतून तो पिकाच्या बुंध्याशी येतो. दुसरे असे, की मार्च-एप्रिलमध्ये काळ्या पेपरखालची माती तापते. थंडीत वेग देणारी ही ऊब उन्हाळ्यात कोवळ्या रोपाला जाचते. पण सर्वात मोठा प्रश्न पीक निघाल्यावर उभा राहतो.

थोडा हिशेब करू. दोन बेडच्या मध्यांत दीड मीटर अंतर आणि १.२ मीटर रुंदीचा, २५ मायक्रॉनचा पेपर धरला, तर एका एकराला सुमारे २७०० मीटर लांबीचा पेपर लागतो आणि त्याचे वजन ७० ते ७५ किलो भरते. हंगाम संपल्यावर तो फाटलेला, मातीने आणि मुळांनी माखलेला असतो. पातळ फिल्म अखंड निघत नाही. निघते ती भंगारवाल्याला नको असते, कारण तीत प्लास्टिकइतकीच माती असते. मग ती बांधावर जळते, ओहोळात जाते किंवा नांगराच्या फाळाखाली तुकडे-तुकडे होऊन मातीतच राहते. हे तुकडे पाण्याची वाट अडवतात, मुळांना आडवे येतात, आणि अधिक बारीक होऊन कधीच परत गोळा न करता येण्याच्या अवस्थेला जातात. पातळ पेपर वर्षानुवर्षे वापरणाऱ्या चीनमध्ये मातीत साठलेल्या फिल्मचा प्रश्न इतका वाढला, की तेथील २०१७ च्या सुधारित मानकाने किमान जाडी ८ मायक्रॉनवरून १० मायक्रॉन केली. हेतू हाच, की फिल्म किमान गोळा तरी करता यावी. आपल्याकडचा पेपर त्यापेक्षा जाड आहे, म्हणून आपण अधिक सुस्थितीत आहोत, असे समजण्यात मात्र अर्थ नाही, कारण गोळा करण्याची व्यवस्था नसेल तर जाडीने फक्त कचऱ्याचे वजन वाढते.

शहरातल्या धोरणाशी याची तुलना केली की विसंगती उघडी पडते. ठाण्यातल्या भाजीवाल्याने १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीत भेंडी दिली तर ३१ डिसेंबर २०२२ पासून तो नियमभंग ठरतो. त्याच भेंडीच्या मुळाशी त्या पिशवीच्या चौथ्या हिश्श्याइतकी पातळ फिल्म एकरी पाऊणशे किलो अंथरण्यासाठी आपण अनुदान देतो. शेतीची गरज वेगळी आहे, म्हणून शेतीच्या प्लास्टिकला वेगळा नियम हवा, हे मान्य. पण वेगळा नियम म्हणजे परतीची कसलीच जबाबदारी नाही, असे कसे होईल? २०२२ साली केंद्राने उत्पादकांवर टाकलेली प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी वेष्टनाच्या प्लास्टिकपुरती आहे. मल्चिंग पेपर हे वेष्टन नसल्याने तो त्या चौकटीबाहेर राहतो. बिस्किटाच्या पुड्याचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो आणि पेपरच्या गुंडाळीचा कोणालाच नाही.

विघटनशील फिल्म हा मार्ग भविष्यात उपयोगी पडेल, पण आज त्यात शब्दांची फसवणूक पुष्कळ आहे. युरोपच्या २०१८ च्या मानकानुसार मातीत विरघळणाऱ्या आच्छादनाच्या किमान ९० टक्के भागाचे दोन वर्षांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. कंपोस्ट खताच्या कारखान्यातल्या उष्णतेत कुजणारे प्लास्टिक हे शेतातल्या मातीत कुजेलच असे नाही, आणि नुसते उन्हाने ठिसूळ होऊन चुरा होणारे प्लास्टिक तर आणखीच वाईट. जाड कागदाचे आच्छादन लव्हाळ्यालाही प्लास्टिकपेक्षा बरे अडवते. मात्र कडेला मातीत दाबलेला कागद लवकर कुजून सुटतो आणि वाऱ्यावर जातो.

आता पाल्यापाचोळ्याकडे. या जिल्ह्यात पाला आणि तण यांचे नाते मुळीच नवे नाही. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर ऐनासारख्या झाडांचा टहाळ, पालापाचोळा, शेण आणि वर माती पसरून राब भाजायचा, ही येथील जुनी रीत. त्या धगीने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने घातली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याला तणाविरुद्ध पाला लागतो आणि तो कोणाच्या मालकीच्या झाडांचा घ्यायचा हा सरकारी प्रश्न आहे, एवढे तर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. आज राब भाजण्याला झाडांच्या आणि धुराच्या दृष्टीने पर्याय शोधायला हवा, आणि एप्रिल-मे महिन्यांत ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा बंद करून ताणून ठेवले तर उन्हाच्या उष्णतेने बहुतेक तणांचे बी मरते. रोपवाटिकेच्या एक-दोन गुंठ्यांसाठी प्लास्टिकचा असा वापर मला पूर्णपणे समर्थनीय वाटतो. तो थोडा असतो, अखंड निघतो आणि लाकूडफाटा वाचवतो.

पिकातल्या आच्छादनासाठी मात्र पाला जाळायचा नसून अंथरायचा असतो. वाळलेल्या पानांचा किंवा पेंढ्याचा थर पाच ते दहा सेंटिमीटर जाड असेल तर खालच्या बारीक बियांना उजेड मिळत नाही. थर विरळ ठेवला तर उलट घडते: ओल टिकते, थोडा उजेडही झिरपतो आणि तण जोमाने येते. सेंद्रिय आच्छादन करून पाहिले आणि फसले, असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचे चुकते ते इथे. थरामुळे माती गार राहते, पाणी कमी लागते, हंगामाअखेर तो तेथेच कुजतो आणि गांडुळे वाढतात. पेंढ्यात कर्बाचे प्रमाण जास्त असल्याने तो मातीत मिसळला तर जिवाणू काही काळ पिकाच्या वाट्याचे नत्र खातात. नुसता वर पसरला तर हा त्रास नगण्य असतो. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला मधूनमधून टाकला तर नत्राची भर पडते, पण तो इतका लवकर कुजतो की एकट्याने तण अडवू शकत नाही. लव्हाळा आणि हरळी यांना पालाही पुरा पडत नाही. आच्छादनाआधी गाठी आणि काशा, म्हणजे जमिनीखाली पसरणारी खोडे, वेचून काढाव्याच लागतात. पेरणीपूर्वी एकदा पाणी देऊन तण उगवू द्यायचे, ते उथळ कोळपून मारायचे आणि मग पीक पेरायचे, ही युक्ती बिनखर्चाची आहे आणि कोणत्याही आच्छादनाचे काम निम्म्यावर आणते.

मग पेंढाच का नाही वापरत? कारण पेंढा हा चारा आहे. घरच्या गुरांना लागतो आणि उरला तर तबेल्यांना विकला जातो. ज्याला हातोहात पैसे मिळतात तो माल शेतकऱ्याने तण दाबण्यासाठी अंथरावा, ही अपेक्षा शहाणपणाची नाही. जंगलातला पाचोळा उचलावा, हेही सुचवता येणार नाही. येऊरच्या किंवा माळशेजकडच्या जंगलात पडलेले पान त्या जंगलाच्या मातीचे अन्न आहे. उरतो तो शहरातला पाचोळा. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत ठाणे आणि नवी मुंबईच्या रस्त्यांवर, उद्यानांत आणि गृहसंकुलांत बदाम, पर्जन्यवृक्ष, सोनमोहोर, वड, पिंपळ यांच्या पानांचे ढीग लागतात. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत फांद्यांची भर पडते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवण्यास सांगितले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५ हजार व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५ हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. तरीही हिवाळ्यात पहाटे फिरायला निघणाऱ्याला कोपऱ्यावरच्या धुमसत्या ढिगाचा वास ओळखीचा असतो.

या पाचोळ्यातला काही भाग उद्यानांतच झाडांच्या बुंध्यांशी राहायला हवा. तो त्यांचा हक्काचा आहे. रस्त्यांवरचा आणि फरसबंद अंगणांतला उरलेला पाचोळा मात्र यंत्राने चुरून शेतावर जाऊ शकतो. पाने आकाराने मोठी आणि वजनाने हलकी असल्याने वाहतूक परवडत नाही, हा मुख्य आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. एकरातले निम्मे क्षेत्र बेडचे धरले आणि दहा सेंटिमीटरचा सैल थर टाकायचा ठरवले तर दोनशे घनमीटर पाने लागतात. लहान ट्रकच्या ह्या वीसेक खेपा होतील. चुरल्यानंतर पाने दाट बसतात आणि पाच सेंटिमीटरचा थरही पुरेसा दडपतो. खेपा निम्म्या किंवा त्याहून कमी होतात. इतके करूनही एकरांची भाषा सुरुवातीला करू नये. पाच-दहा गुंठे भेंडी किंवा मिरची करणाऱ्या शेतकऱ्याला एक-दोन खेपा पुरतात, आणि या जिल्ह्यात असे शेतकरीच अधिक आहेत. शिवाय रोज भाजी घेऊन वाशी आणि कल्याणला येणारे टेम्पो परतताना बहुधा रिकामेच जातात. परतीच्या भाड्यात मालकाला मिळेल ते वरकडच असते, म्हणून ते भाडे कमी पडते.

वाशीच्या फळबाजाराचाही येथे विचार व्हावा. हापूसच्या पेट्यांबरोबर येणारा पेंढा आंबा उतरला की कचरा होतो. रसवंत्यांतले उसाचे चिपाड हे तर चांगल्या प्रतीचे आच्छादन आहे. ते वाळवून टाकले पाहिजे, नाहीतर उरलेल्या गोडव्यावर मुंग्या येतात. उल्हास नदीतून दरवर्षी काढल्या जाणाऱ्या जलपर्णीचे नाव मात्र मी मुद्दाम या यादीत घालत नाही. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते, आणि औद्योगिक सांडपाणी येणाऱ्या नदीतली जलपर्णी तपासणीशिवाय भाजीच्या मुळाशी टाकणे धोक्याचे आहे.

सर्वात गंभीर आक्षेप दूषित पाचोळ्याचा आहे. रस्त्यावरून झाडलेल्या पानांत गुटख्याच्या पुड्या, काचा, पिशव्यांचे तुकडे, क्वचित त्याहून वाईट गोष्टी येतात. असा माल शेतात पाठवायचा आणि त्याला सेंद्रिय म्हणायचे, तर प्लास्टिकविरुद्धचा सारा युक्तिवाद निकालात निघतो आणि शहराने आपला उकिरडा खेड्यात नेऊन टाकल्याचा आरोप खरा ठरतो. ठाण्याच्या आसपासच्या गावांनी शहराचा कचरा पुष्कळ पाहिला आहे. त्यांचा संशय रास्त आहे. म्हणून सुरुवात उद्यानांपासून आणि ज्यांचे अंगण बंदिस्त आहे अशा गृहसंकुलांपासून व्हावी, रस्त्यावरचा पाचोळा पहिल्या वर्षी घेऊच नये, आणि शेतकऱ्याला माल पाहून नाकारण्याचा अधिकार असावा. नाकारलेली खेप परत नेण्याचा खर्च पाठवणाऱ्याचा. ही एक अट घातली तर वर्गीकरणाची शिस्त परिपत्रकांपेक्षा लवकर येईल.

वेळापत्रकाची अडचणही आहे. भेंडीची मुख्य पेरणी डिसेंबर-जानेवारीत होते आणि पानगळ त्यानंतर जोर धरते. उशिराच्या पेरणीला आणि उन्हाळी काकडी-कारल्याला ताजा पाचोळा सापडतो. मुख्य पिकासाठी मात्र तो आदल्या वर्षी साठवावा लागेल, आणि कोकणच्या पावसात उघड्यावर ठेवलेला ढीग दिवाळीपर्यंत अर्धा कुजतो. त्यासाठी साधी शेड हवी. रोजगार हमीतून खताचे हौद बांधले जातात, तशी पाचोळ्याची शेड का बांधू नये? ज्या ढिगाचे खत होईल ते वाया जात नाही. मात्र खत नीट तापू दिले पाहिजे, कारण ५५ ते ६० अंशांची उष्णता काही दिवस टिकली तरच त्यातले बहुतेक तणाचे बी मरते. पावसाळी पिकात मी पाल्याचा आग्रह धरणार नाही. सततच्या ओलीत जाड थराखाली बुंधा सडतो आणि गोगलगायींना आसरा मिळतो. कोरड्या हंगामात वाळवीचा त्रास काही जमिनींत होतो, तो गृहीत धरून थर खोडापासून चार बोटे दूर ठेवावा.

तणाविषयी बोलताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. टाकळा, कुर्डू, घोळ, माठ ही शेतकऱ्याच्या दृष्टीने तणे, आणि श्रावणात ठाणे स्थानकाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या आदिवासी बाईच्या दृष्टीने ती रोजी. कृषी विभाग एकीकडे रानभाजी महोत्सव भरवतो. तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा तिच्या टोपलीत येऊ नये, ही काळजी कोणत्याच योजनेच्या कागदावर नसते. आच्छादनाने दडपलेले तण निदान विषारी तरी होत नाही.

धोरणात नेमके काय बदलावे, हे सांगणे अवघड नाही. अनुदानाचा अर्ज भरताना शेतकऱ्याने आच्छादनाचा प्रकार निवडावा आणि रक्कम झाकलेल्या क्षेत्रावर मिळावी; पाला, चिपाड किंवा पेंढा वापरणाऱ्याला ती वाहतुकीपोटी आणि अंथरण्याच्या मजुरीपोटी मिळावी, म्हणजे सध्या पेपरच्या बिलात जाणाऱ्या पैशाचा एक वाटा गावातल्याच हातांत राहील. प्लास्टिक निवडणाऱ्याला अनुदानाचा शेवटचा हप्ता पेपर तालुक्याच्या संकलन केंद्रावर जमा केल्यावर द्यावा, आणि तो मातीसकट वजनावर स्वीकारावा; धुऊन आणा म्हटले की कोणी आणणार नाही. उत्पादकांवर परत घेण्याची जबाबदारी टाकण्यासाठी केंद्राच्या नियमांत मल्चिंग पेपरचा समावेश व्हायला हवा, आणि त्यासाठी राज्याने आग्रह धरावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शहरी पाचोळ्याच्या आच्छादनाच्या चाचण्या शहापूर-मुरबाडच्या शेतांवरच घ्याव्यात, कारण किती जाड थर, कोणती पाने आणि लव्हाळ्याच्या जमिनीत काय, या प्रश्नांची उत्तरे येथील मातीनेच दिली पाहिजेत. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरीची पाने बियांची उगवण रोखतात असे आढळते. ती पेरलेल्या वाफ्यावर चालतील की नाही, हे शेतकऱ्याने स्वतःच्या नुकसानीतून का शोधावे?

शहरातल्या करदात्याने या खर्चात वाटा का उचलावा, हा प्रश्न शेवटी येणारच. शहापूर-मुरबाडसारखे तालुके मुंबई परिसराला भातसा, तानसा आणि बारवीचे पाणी देतात, भाजी देतात, वीट देतात आणि मजूर देतात. पण मी उपकाराच्या भाषेत हा युक्तिवाद करणार नाही, कारण त्याची गरज नाही. पाचोळा गोळा करून क्षेपणभूमीपर्यंत नेण्याचा खर्च आजही होतोच. तोच ट्रक उद्यानातल्या चुरा यंत्रापर्यंत गेला तर अंतर कमी होते, आणि तेथून पुढचा प्रवास परतीच्या टेम्पोने आच्छादनाच्या अनुदानातून होऊ शकतो. उद्यान-देखभालीच्या निविदा दरवर्षी निघतात. त्यात पाचोळा उचलून नेण्याच्या कलमाऐवजी पाचोळा वेगळा ठेवणे, चुरणे आणि पोत्यांत भरून देणे असे कलम घालायचे असेल, तर ते पानगळीपूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारासच घालावे लागेल. फेब्रुवारीत कंत्राटदाराला सांगून उपयोग नाही, कारण तोपर्यंत त्याचे डंपर ठरलेले असतात.